खंडाचे तीन खंड

रकाना १. अर्जदाराचे संपूर्ण नाव (घरी ज्या नावाने हाक मारतात ते नको)

घरी तिला ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणे म्हणून नणंद म्हणू लागली, नणंद म्हणते म्हणून शेजारीपाजारी, आणि एकदा तर खुद्द नवऱ्याच्या तोंडून तशी हाक गेली. तेव्हापासून त्यांनी 'अगं'च्या पुढे जायचं सोडून दिलं. त्यामुळे सोमवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरून ताईने पहिल्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा ते कुणा तिऱ्हाइताचं असल्यासारखं तिने दोनदा वाचून पाहिलं.

अर्ज अकरा पानी होता. विद्यापीठाच्या तर्कशास्त्र विभागात पदव्युत्तर वर्गाच्या जागा आठ, आणि प्रवेशपरीक्षेत ताईचा क्रमांक आठवा. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कागदपत्रं पुरी झाली नाहीत, तर जागा नवव्याला जाणार. पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नव्हती. पदवीला पंचवीस वर्षं झाली की अर्ज घेतच नाहीत, आणि ताईच्या पदवीला चोवीस झाली होती.

नवरा समोर बसून बारीक अक्षरातल्या सूचना भिंगातून वाचून दाखवत होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लोक त्यांना चष्मेवाले म्हणत.

रकाना २ ते ८.

यांत काही घडलं नाही.

रकाना ९. शिक्षणातील खंड (असल्यास)

"खंड म्हणजे गॅप," चष्मेवाल्यांनी सांगितलं. पदवी आणि हा अर्ज यांच्या मधे जी वर्षं गेली, त्यांबद्दल प्रतिज्ञापत्र द्यायचं. मजकूर विद्यापीठाने छापूनच दिला होता. फक्त वर्षांचा आकडा भरायचा, सही करायची, आणि खाली एका साक्षीदाराची सही:

'मी शपथेवर लिहून देतो/देते (लागू नसेल ते खोडावे) की, ........ वर्षांच्या खंडात मी काहीही केले नाही.'

ताईने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मी काहीही केलं नाही?"

"तसं नव्हे गं. तसं फक्त लिहायचं असतं."

काहीही म्हणजे दुसरीकडे कुठे नाव घातलं नाही, दुसरी परीक्षा दिली नाही, एवढंच, असं त्यांनी समजावलं. मग तसं का नाही छापलं, असं ताईने विचारलं. जागा वाचवायला, असं ते म्हणाले. त्यावर ताईचं म्हणणं असं पडलं की 'काहीही' या शब्दात सगळंच येतं. चोवीस वर्षांत एक जरी गोष्ट हातून झाली असेल, तरी वाक्य खोटं ठरतं. आणि तर्कशास्त्राच्या वर्गात बसायला मिळावं म्हणून धडधडीत खोटं वाक्य शपथेवर लिहायचं, हे तिला जमायचं नाही.

खिडकीशी आरामखुर्चीत सासूबाई पेपर वाचत होत्या, म्हणजे ऐकत होत्या.

"काही केलं नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "मग माझं खुब्याचं हाड काय लाजून जुळलं?"

ताईने चमकून पाहिलं. सासूबाईंनी तिची बाजू घ्यायची ही पहिलीच वेळ.

"चांगलं केलं असं मी म्हणत नाही," सासूबाईंनी पान उलटलं. "पण केलं."

रकाना ९ (अ). वरील मजकूर मान्य नसल्यास कारण

मंगळवारी ताई विद्यापीठात गेली. तळमजल्यावर लांबलचक दालन, ओळीने सात खिडक्या आणि त्यांच्यासमोर एक लाकडी बाक. चौथ्या खिडकीमागचे कारकून तिथे इतकी वर्षं बसत होते, की सगळे त्यांना चार नंबर म्हणत आणि त्यांनी आपल्या डब्यावरही तेच कोरून घेतलं होतं.

बाकावर एक निवृत्त बस-कंडक्टर बसले होते. नववे ते. ताई म्हणजेच आठवी, हे कळल्यावर ते अदबीने उठले, स्वतःलाच 'पुढे सरका' म्हणाले आणि तिला जागा करून दिली.

"ताई, मनापासून सांगतो, तुमचं होवो," ते म्हणाले. "नाहीच झालं, तर माझं होवो."

चार नंबरांनी ताईचं म्हणणं ऐकून घेतलं. मजकूर छापील आहे, त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. वीस-वीस वर्षांचे खंड पडलेली माणसं इथे गुपचूप सही करून गेली आहेत. तरीही बाईंनी काही केलंच असेल, तर काय केलं ते कालावधीनुसार, पुराव्यासह, तीन प्रतींत लिहून आणावं. हे वाक्य चार नंबर अशाच माणसांसाठी राखून ठेवत, जी पुन्हा दिसू नयेत असं त्यांना वाटे. आजवर ते कधी वाया गेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दहा वाजता ताई दोन पिशव्या घेऊन परत आली.

परिशिष्ट (त्यातली काही पानं)

*पहिला खंड, पान ३.* स्वयंपाकघरातला नळ गळत होता. आता गळत नाही. (पुरावा : जुना वॉशर, सोबत दोऱ्याने बांधला आहे.)

*पहिला खंड, पान १९.* लेकीने एका दिवसात 'का?' विचारले, एकशे बेचाळीस वेळा. उत्तरे दिली एकशे एकेचाळीस. उरलेला प्रश्न तिच्या वडिलांकडे पाठवला. अद्याप प्रलंबित.

*दुसरा खंड, पान ६.* सासूबाईंचे खुब्याचे हाड. डॉक्टर म्हणाले, चालतील. सासूबाई म्हणाल्या, नाही. सात महिन्यांनी डॉक्टर बरोबर ठरले. ते बरोबर ठरावेत म्हणून रोज दोन वेळा व्हरांड्याच्या चौदा फेऱ्या, सासूबाईंच्या बोलण्यासह.

*तिसरा खंड, पान २ ते ४०.* दुकान. चष्म्याच्या काड्यांना स्क्रू बसवणे. यजमानांना जवळचे बारीक दिसत नाही (हे गिऱ्हाइकांना कळू नये). 'आमचा कारागीर आत बसतो' असे ते सांगतात. कारागीर म्हणजे अर्जदार.

रकाना ९ (पुढे चालू)

"हा कुठला खंड?" चार नंबरांनी वरची वही उचलली.

"खंडाचा पहिला खंड."

"आणि हे?"

"खंडाचा दुसरा खंड. खाली तिसरा आहे."

"बाई, खंडाला खंड नसतात. खंडात काही नसतं, म्हणून तर त्याला खंड म्हणतात."

"मी सोमवारपासून तेच सांगतेय," ताई म्हणाली.

चार नंबर हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि वाचू लागले. रांग पाच नंबरकडे वळली. जेवणाची सुट्टी झाली, तसा त्यांनी डबा उघडला आणि डाव्या हाताने पानं उलटत वाचन चालूच ठेवलं. खुब्याच्या हाडाचा एक्स-रे दिव्यासमोर धरून पाहिला. तिसऱ्या खंडाच्या शेवटी पोचल्यावर त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, काडीचा स्क्रू अंगठ्याने चाचपला आणि पुन्हा घातला.

मग त्यांनी निर्णय दिला. या कागदांवरून बाई चोवीस वर्षं अखंड कामावर आहेत. जे अखंड आहे त्यात खंड नाही. सबब रकाना नऊ रद्द. कामावर असलेल्यांना रकाना दहा लागतो.

बाकावरून कंडक्टरांनी ताईचं अभिनंदन केलं. आवाज थोडा पडला होता, पण अभिनंदन पूर्ण केलं.

रकाना १०. नोकरीत असल्यास मालकाचे ना हरकत पत्र

चष्मेवाल्यांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या छापील कागदावर पत्र लिहायला घेतलं. 'मालक' हा शब्द इतर शब्दांपेक्षा जरा मोठाच उमटला. सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

"मालक कोण?"

"मीच की, आई. आणखी कोण?"

"घर माझ्या नावावर आहे. हिला पसंत मी केली. तू तर दाराआड उभा राहून नको नको म्हणत होतास."

ही माहिती ताईला चोवीस वर्षांनी प्रथमच मिळत होती. ते 'नको' चहाला होतं, असा खुलासा चष्मेवाल्यांनी घाईघाईने केला. ताईने तो ऐकून घेतला आणि तिसऱ्या खंडात एक तळटीप वाढवली.

मालकीचा वाद काही मिटेना, म्हणून पत्रं दोन झाली. चष्मेवाल्यांचं एक पानभर होतं आणि त्यात 'सदर कर्मचारी' हा शब्द सात वेळा आला होता. सासूबाईंचं दोनच ओळींचं: 'माझी हरकत आहे. पण ती ऐकायची नाही, म्हणून ना हरकत.'

गुरुवारी सकाळी चार नंबरांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एका वेळी दोन मालक म्हणजे दुहेरी नोकरी. दुहेरी नोकरीवाल्याला पूर्णवेळ वर्गात बसता येत नाही. आता दोन्हीकडून कार्यमुक्तीचा दाखला आणावा लागेल. त्यात पदभार कुणाकडे सोपवला त्याचं नाव, आणि 'पदभार पूर्णपणे स्वीकारला' या ओळीखाली त्याची सही. माणूस खरोखर काम करणारा हवा. नुसत्या सहीला ते ओळखतात.

"उद्या पाचपर्यंत," चार नंबर म्हणाले. मग आवाज उतरवून, जणू नियमाच्या अपरोक्ष, त्यांनी विचारलं की तो एकशे बेचाळिसावा प्रश्न नक्की कशाबद्दल होता. ताई म्हणाली, चंद्र आपल्याबरोबर का चालतो. चार नंबरांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

सोबतचा तक्ता. पदभार हस्तांतर, गुरुवार, दुपारी बारा वाजता

तक्त्यात दोनशे बारा बाबी होत्या. पदभार चष्मेवाले घेणार, असं ठरलं. लेक नोकरीला परगावी, दुसरं कुणी नव्हतंच. "त्यात काय," असं म्हणून त्यांनी पहिल्या चौदा बाबींवर उभ्याउभ्याच खुणा केल्या.

पंधरावी बाब होती, 'दूध तापत ठेवल्यास त्याकडे पाहणे.' पाहणं हा तर आपला धंदाच, असं त्यांनी बोलून दाखवलं. दूध ठेवलं आणि समोर उभे राहिले. दहा मिनिटं ते दुधाकडे आणि दूध त्यांच्याकडे पाहत राहिलं. दुकानाची घंटी वाजली, म्हणून त्यांनी एकदाच मान वळवली. दुधाने तेवढा वेळ पुरवून वापरला.

ओट्यावर फडकं टाकून ते दुकानात धावले. एक शिक्षिका चष्मा न्यायला आली होती. काचा तयार होत्या, काड्या लावायच्या होत्या. "आमचा कारागीर आत बसतो," चष्मेवाले सवयीने म्हणाले आणि आत आले. कारागीर खुर्चीत बसून तर्कशास्त्राचं पुस्तक वाचत होता.

"अगं, दोनच स्क्रू आहेत."

"कारागीर बारापासून कार्यमुक्त झालाय," ताई म्हणाली. "पदभार कोणाकडे आहे?"

ते परत गेले. पहिला स्क्रू गालिच्यात पडला आणि तिथेच कायम झाला. दुसरा बसला, पण उलट्या बाजूला. उरलेली काडी त्यांनी दोऱ्याने बांधली. शिक्षिका स्वभावाने भिडस्त होती. तिने तो चष्मा घातला, अगदी छान दिसतं म्हणाली, आभार मानले आणि रस्ता समजून मागच्या अडगळीच्या खोलीत शिरली. दहा मिनिटांनी आतून तिने नम्रपणे विचारलं, बसथांबा इथून लांब आहे का.

सासूबाई या सगळ्यावर आरामखुर्चीतून देखरेख करत होत्या. मालकीणच त्या. फडक्याला वास येतोय, हे त्यांनी सांगितलं. दूध कुठल्या बाजूने उतू गेलं, तेही सांगितलं. कुठल्याच कामाला हात मात्र त्यांनी लावला नाही, कारण तक्त्यात त्यांचं नाव नव्हतं.

संध्याकाळी पाचला चष्मेवाल्यांची सतरावी बाब संपली. ताईने दाखला पुढे ठेवला. त्यांनी पेन घेतलं, 'पूर्णपणे' या शब्दावर भिंग धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"एकशे पंच्याण्णव राहिल्यात," ते म्हणाले. "हे खोटं होईल गं."

तर्काने बघता त्यांचं बरोबर होतं. ताईला रागावताही येईना.

रकाना ११. कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने येथे काहीही लिहू नये

पदवीच्या वर्षी तर्कशास्त्रात ती पहिली आली होती, पण अर्जाचं कारण ते नव्हतं. भिंतीवर टांगायच्या पदवीच्या कागदाशीही तिला कर्तव्य नव्हतं. चोवीस वर्षं तिचा एकही वाद पुरा झाला नव्हता. मुद्दा रंगात आला, की शिट्टी वाजे, घंटी वाजे किंवा कुणीतरी अगं म्हणे. अर्धे राहिलेले मुद्दे ती भांडी विसळताना मनात पुरे करी, आणि तिथे विरुद्ध बाजूचं कुणीच नसल्यामुळे दर वेळी जिंकून कंटाळली होती. वर्गात म्हणे एकदा खुर्चीत बसलं की पन्नास मिनिटं कुणी उठवत नाही. तिला ती पन्नास मिनिटं हवी होती.

शेवटचे पान. तपासणी यादी, शुक्रवार

शुक्रवारी तिघंही विद्यापीठात गेली. पदभार सोपवलाच गेला नव्हता, तेव्हा सासूबाईंना घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न होता. दुकानही बंद ठेवावं लागलं होतं. कंडक्टर बाकावर होतेच. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि या दोन्हींबद्दल चेहऱ्यावर ओशाळलेपण.

दालनात गर्दी होती. त्यांचा नंबर लागेपर्यंत साडेचार वाजले.

चार नंबरांनी रिकामा दाखला पाहिला. पदभार दिला नाही, म्हणजे कार्यमुक्ती नाही. कार्यमुक्ती नाही, म्हणजे ना हरकत पत्रांना अर्थ नाही. रकाना दहा बाद, म्हणून रकाना नऊ पुन्हा लागू. त्यांनी खणातून शेवटचं छापील प्रतिज्ञापत्र काढलं आणि ताईसमोर सरकवलं. तीन खंड वाचलेला माणूस होता तो. त्यामुळे सरकवताना त्यांनी वर पाहिलं नाही.

"सगळेच करतात, बाई. एक ओळ तर आहे."

ताईने पेन उघडलं. रिकाम्या जागेत 'चोवीस' लिहिलं. सही केली तर वाक्य खोटं आणि खुर्ची मिळणार. नाही केली तर वाक्याला धक्का नाही, पण खुर्चीत कंडक्टर बसणार. मधली तिसरी शक्यता ती शोधत होती, आणि ती नसते हे तिनेच कधीतरी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पेनाचं टोक सहीच्या रेघेला टेकलं.

"थांब," चष्मेवाले म्हणाले.

त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. 'देते' खोडलं. 'देतो' ठेवलं. खाली सही केली, आणि कागद खिडकीतून आत दिला.

"हे चालेल का बघा. हे खरं आहे," ते म्हणाले. "कालपासून खात्री झाली."

चार नंबरांनी कागद वाचला. मी शपथेवर लिहून देतो की, चोवीस वर्षांच्या खंडात मी काहीही केले नाही. त्यांनी तपासणी यादी काढली आणि बोट फिरवलं. 'खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे का : होय / नाही.' जोडलेलं होतं. कोणाचं, हे यादीत विचारलेलं नव्हतं. त्यांनी यादी उलटून पाठीमागे पाहिलं, तिथेही नव्हतं. आणि यादीत जे नाही ते जगात नाही, या एका तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी झाली होती.

"होय," असं मोठ्याने म्हणून त्यांनी खूण केली. "साक्षीदार?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

नातं विचारलं तेव्हा त्यांनी आई असं सांगितलं. चार नंबर म्हणाले, मग माहितीतल्याच आहात. सासूबाईंनी खुर्ची मागवली, चष्मा लावला, कागद हातभर लांब धरून सावकाश वाचला. पेन मागून घेतलं. त्यांची सही लहान होती, पण पेन बराच वेळ चाललं. भिंतीवर चार छप्पन झाले होते.

"आजी, खाडाखोड कशाला केलीत?" चार नंबरांनी कागद उजेडात धरला.

'चोवीस वर्षांच्या खंडात' हे शब्द एका सरळ रेघेने खोडले होते. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'जन्मापासून आजतागायत'.

दुसरं कोरं प्रतिज्ञापत्र शिल्लक नव्हतं. चार नंबर जरा विचारात पडले, मग म्हणाले, खाडाखोड चालते, पण तिच्या शेजारी प्रतिज्ञा करणाऱ्याने सही करायला हवी. वाचून आणि समजून.

कागद चष्मेवाल्यांकडे आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचलं. आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचं घड्याळ बघत होती. बायकोकडे पाहिलं, ती त्यांच्याकडेच बघत होती. चार एकोणसाठला त्यांनी सही केली, आणि चार नंबरांचा शिक्का इतक्या जोरात पडला की पाच नंबरची टाचणी उडाली.

सगळ्यांत आधी कंडक्टर उठले. त्यांनी ताईचं अभिनंदन केलं, या वेळी पडलेला आवाज न लपवता. मग चष्मेवाल्यांना बाजूला घेऊन, त्या कागदाचा मजकूर उतरवून मिळेल का, असं हळूच विचारलं. घरी मंडळींना दाखवला तर बरेच जुने वाद मिटतील, असा त्यांचा अंदाज होता.

ताई पोचपावती दोन्ही हातांनी धरून पुढे निघून गेली होती. सासूबाई मुलाचा दंड धरून इमारतीबाहेरची एकेक पायरी उतरत होत्या. अर्ध्यावर चष्मेवाल्यांना राहवेना.

"चोवीसच राहू दिली असतीस तरी काम झालं असतं, आई."

"झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. "पण शपथेवरचा कागद ना तो. उगाच खोटं कशाला लिहायचं?"